आठ बाटल्या, बत्तीस सह्या

आठ प्रकारची बिअर आणि तेहतीस पाहुणे. एवढा घाट घालून नीळकंठ देवस्थळीला काय मिळणार होतं, याचा हिशेब मी पार्टीच्या आधीच मांडला होता. निवृत्तीला अडीच महिने उरलेले. निलंबन तसंच राहिलं तर ग्रॅच्युइटी अडकणार, अवधपुरीच्या प्लॉटवर गवतच उगवणार आणि 'खोटा अहवाल देणारा' हे नाव जन्माचं चिकटणार. जमेच्या बाजूला एकच गोष्ट होती: तो निर्दोष होता. हे त्याला माहीत होतं, सप्रेसाहेबांना माहीत होतं आणि मला. तिघांत बोलत होता तो एकटाच.

मंडीदीपच्या रस्त्यावर आमचा सरकारी कारखाना, आणि त्याला लागून पिवळ्या क्वार्टर्सची वसाहत. नीळकंठ तपासणी विभागात इन्स्पेक्टर, मी तिथलाच टायपिस्ट, सप्रेसाहेब आमचे मॅनेजर. विभागात एक जुनी सवय होती. चाचणीच्या आदल्या दिवशीच कोऱ्या अहवालावर सही करून ठेवायची, आकडे मागाहून. बावीस वर्षांत कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. ज्या टाकीवरून हे सगळं झालं, तिच्या पाण्याच्या चाचणीत दाब बेचाळीसवर अर्धा तास टिकायला हवा होता. काटा एकतीसवर आला. ट्रक दाराशी उभा. सप्रेसाहेब म्हणाले, "बेचाळीस टाक, काशिनाथ." मी टाकले. खाली नीळकंठची सही कालपासून होतीच.

टाकी गिऱ्हाइकाकडे फुटली. बाळू नावाच्या फिटरचा उजवा हात कामातून गेला. चौकशीत नीळकंठने सांगितलं, सही कोऱ्या कागदावर केली होती. विभागातले तेहतीसजण एकामागून एक म्हणाले, आमच्याकडे कोऱ्यावर सही होतच नाही. तेहतिसावा मी.

त्यानंतर त्याच्या घरी कुणी चहालाही जाईना. आणि याने मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी अकराचं आमंत्रण दिलं. जावई चंडीगढहून, मेहुणा गोव्याहून, कुणी मिलिटरी कँटीनमधून, अशा आठ जागच्या बाटल्या जमवलेल्या. वर्तमानपत्रात गुंडाळून त्यांना नंबर द्यायचे, चाखून कोणती सरस ते ठरवायचं. बहिष्कार मोठा की फुकटची थंड बिअर मोठी, याचा निकाल वसाहतीत लागायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

महिला मंडळाच्या अलकाताई तेवढ्या नीळकंठच्या बायकोला, कांचनवहिनींना सांगायला आल्या. "अगं, निलंबित माणसाने असं करणं शोभतं का?"

"नाही शोभत," वहिनी बर्फाची लादी पोत्यात फोडत होत्या. "तुम्हीपण या. लिंबाचं सरबत ठेवलंय."

मी लवकर गेलो. व्हरांड्यातल्या टेबलावर सायक्लोस्टाइल केलेले कागद होते. हुबेहूब आमच्या चाचणी अहवालाची धाटणी: नमुना क्रमांक, रंग, फेस, चव, निष्कर्ष, आणि तळाशी परीक्षकाची सही. बाजूला पेन आणि पेन्सिलींचा डबा.

तेव्हा मला सगळं कळलं. मी नीळकंठकडे पाहिलं. तो शेंगदाणे वाट्यांत भरत होता.

"काश्या, बघतोस काय? बस. मजा बघ."

पाहुणे येत गेले. वहिनी प्रत्येकाला एक कागद देत आणि म्हणत, "हा तुमचा." सही करा असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. गरजच नव्हती. प्रत्येकाने उभ्या उभ्या तळाशी सही ठोकली आणि कागद परत सरकवला. आमच्या विभागातला गोपीनाथ तर हसून म्हणाला, "वहिनी, चव-बिव तुम्हीच भरून टाका!" सप्रेसाहेबांनी खाली तारीखही घातली. वहिनींनी गठ्ठा उचलून आतल्या खोलीत नेला, खलबत्त्याखाली ठेवला आणि दार ओढून घेतलं.

पहिले तीन नंबर झकास गेले. कूलर घरघरत होता, वाळ्याचा वास येत होता, सप्रेसाहेब म्हणाले, "क्या बात है देवस्थळी, ऐसे ही सस्पेंड होते रहो यार!" सगळे हसले. नीळकंठही.

चौथ्या नंबरला गोपीनाथने ग्लास नाकाशी नेला. "वहिनी, ग्लास कशाने धुतलेत?"

"राखेने. का?"

"वंगणाचा वास येतोय."

मी माझा घोट घेतला. तापलेलं लोखंड, आणि त्यावर चाचणीच्या खड्ड्यातलं शिळं पाणी. दुसरी बाटली फोडली. तीच चव. पाचवा नंबर गोव्याचा. तीच. लोक पाणी पिऊ लागले. पाण्यालाही तीच चव होती.

"बाटल्या उन्हात राहिल्या असतील," सप्रेसाहेब म्हणाले. नीळकंठने प्रत्येक नंबरची एकेक बाटली स्वतः चाखून पाहिली. त्याला बिअरचीच चव लागत होती.

बोलणं कमी झालं. तेव्हा आतल्या खोलीतला आवाज ऐकू आला. टक, टक. मग थोडं थांबून बारीक घंटी. किर्रर्र.

"बर्फाचं पाणी टपकतंय," कुणीतरी म्हणालं.

बर्फ इथे बाहेर होता, माझ्या पायाशी. आणि बावीस वर्षं ज्याच्यापुढे बसलो, ते यंत्र मी ओळखणार नाही? दोन अक्षरं, मग ओळ संपल्याची घंटी. माझा टाइपरायटर शनिवारी झाकण घालून मी ऑफिसात ठेवला होता. ऑफिसची चावी खिशात होती. मी चाचपून पाहिली.

सवयीने घंट्या मोजल्या. बत्तीस झाल्या आणि आवाज थांबला.

वहिनी आत गेल्या. खोलीत खाट, गोदरेजचं कपाट आणि तो गठ्ठा. बाकी काही नाही. गठ्ठा घेऊन त्या बाहेर आल्या. वरचा कागद सप्रेसाहेबांचा होता.

रंग, फेस, चव, सगळे रकाने रिकामे. निष्कर्षासमोर टाइप केलेलं: ३१.

दुसऱ्यावर ३१. तिसऱ्यावर ३१.

मी एक कागद उलटा केला. मागच्या बाजूला अक्षरांचे उठाव बोटाला लागत होते. ताजे.

नीळकंठने कागद पाहिले आणि हसला. "मला कोरे हवे होते. उद्या चौकशी अधिकाऱ्यांपुढे ठेवणार होतो. असो. भरलेले तर भरलेले."

सप्रेसाहेब उठले. चेहरा पांढरा. "काशिनाथ, हे तुझं काम!"

"साहेब, मी सकाळपासून तुमच्या मांडीला मांडी लावून बसलोय."

"फाडून टाक ते!"

वहिनींनी गठ्ठ्यावर हात ठेवला. "का हो? सही तुमचीच आहे ना?"

त्यांनी गठ्ठा नीळकंठकडे सरकवला.

"तुमच्याकडे कोऱ्यावर सही होत नाही म्हणे. म्हणजे वाचूनच केली असणार."

सप्रेसाहेब खाली बसले.

नीळकंठने कागद मोजले. "बत्तीस. टेबलावर एक कोरा उरलाय. कुणाचा?"

"माझा," मी म्हणालो.

"सही नाही केलीस?"

"नाही."

"हुशार आहेस." त्याने तो कागद माझ्या हातात दिला. "ठेव. अहवाल ज्याचा त्याने सांभाळावा."

आता शेवटचा हिशेब. कोऱ्यावर सही होते हे बत्तीसजणांना कबूल करावं लागलं आणि नीळकंठ निर्दोष सुटला. निवृत्त होऊन अवधपुरीला राहतो, गच्चीवर मित्र बोलावून बिअर पितो. मला बोलावत नाही. सप्रेसाहेबांना सक्तीने घरी पाठवलं. बाकी एकतीसजणांची एकेक वेतनवाढ गेली. गोपीनाथला अजून कशाचीच चव लागत नाही. बायकोने पुरणपोळी वाढली तरी तो पाण्याबरोबर गिळतो. बत्तीसच्या बत्तीस जणांनी आपलं देणं भरलं. टायपिस्टला कुणी काही विचारलं नाही.

माझा कागद ट्रंकेच्या तळाशी आहे. दर दिवाळीला काढून बघतो. बारा वर्षं कोराच होता.

आज सकाळीही निष्कर्षाचा रकाना रिकामाच होता. फक्त तळाशी माझी सही होती. अंगठा फिरवून पाहिला, तर शाई अंगठ्याला लागली.