पांघरूण सारखं करणारी बाई

दिवा जरा बारीक करा रे. हं, आता बसा. ही ऐकीव भुताटकी नाही. दिगंबर मास्तरांच्या बाबतीत घडलेली गोष्ट आहे, आणि मास्तर वाढवून सांगणाऱ्यातले नव्हते. बऱ्हाणपुरातल्या निम्म्या म्हाताऱ्यांना त्यांनीच पाढे शिकवले.

तेव्हा ते पंचविशीचे असतील. साल अठ्ठेचाळीस, जानेवारी, संक्रांत तोंडावर आलेली. देश फुटला होता, काश्मिरात लढाई पेटली होती, आणि सिंधमधून उठलेली माणसं आपल्या स्टेशनावर उतरत होती. त्यातली काही मंडळी सिंधीपुऱ्याजवळच्या एका धर्मशाळेत राहिली. मागच्या खोल्यांत कुटुंबं आणि पुढच्या लांब पडवीत नुसती पोरं. कुणाचे आईबाप वाटेत गेलेले, कुणाचे गर्दीत हरवलेले. पडवीला दारं नव्हती. तापीवरून येणारा वारा थेट हाडांत शिरायचा.

बाजारात कांबळी मिळेनात. होती ती फौजेसाठी उचलली गेली होती. मग मास्तर दारोदार फिरले. जुनी लुगडी, विरलेली धोतरं गोळा केली, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घेतला, आणि शाहपूर गावच्या बायकांनी बैलगाडीभर गोधड्या शिवून दिल्या. मास्तरांनी पडवीच्या कमानींना गोणपाट बांधलं. रात्री जेवण उरकलं की ते तिथंच शेगडी पेटवून बसायचे. झोपेत एखादं पोर उघडं पडलं तर बघायला कुणीतरी हवं ना.

पण त्यांना उठावंच लागत नसे.

कंदील बारीक केला की एक बाई यायची. तरुण, उंच, अंगानं वाळलेली. वाकून गोधडीचा कोपरा उचलायची, पोराचं तोंड बघायची, आणि पांघरूण हनुवटीपर्यंत ओढून दोन्ही बाजूंनी खोचायची. मग पुढचं पोर. मग त्याच्या पुढचं. ओळ संपली की थोडा वेळ नुसती उभी राहायची... आणि निघून जायची. मास्तरांना वाटायचं, असेल मागच्या खोल्यांतली कुणी. एवढंच खटकायचं, की तिकडच्या झाडून साऱ्या बायका डोक्यावरून ओढणी घेणाऱ्या, आणि ही असल्या थंडीत उघड्या डोक्यानं यायची.

"ती कोण गं?" त्यांनी एकदा सकाळी एका पोरीला विचारलं.

"पता नहीं, मास्टरजी. उसके हाथ बहुत ठंडे हैं. पर वो ओढाती है ना, तो नींद आ जाती है."

रविवारची रात्र होती. अमावास्या. बाई आली, साऱ्या ओळीवरून फिरली, आणि त्या रात्री निघून न जाता शेगडीपाशी आली. निखाऱ्यांकडे बघत म्हणाली,

"मुंहिंजो पुट... किथे आहे?"

मास्तरांना सिंधी येत नव्हतं. पण ते शेवटचं 'आहे' आपलंच निघालं, आणि ती आपलं पोर शोधतेय हे तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"नाव? नाम क्या है?"

"परसो."

मास्तर उठलेच. परसो! चार वर्षांचं पोर. आलं तेच तापानं फणफणलेलं. गोधड्यांच्या गाडीबरोबर शाहपूरची मालूबाई आली होती, एकटी विधवा, पदरी मूल नाही. तिनं त्याला छातीशी धरून पाहिलं आणि त्याच संध्याकाळी गाडीत घालून घरी नेलं. चुलीची ऊब तरी मिळेल म्हणाली. पोर या ओळीत एक रात्रसुद्धा झोपलं नव्हतं.

"अहो बाई, तो इथं नाहीच! शाहपूर में है. मालूबाई के घर. मारुतीच्या देवळामागं." मास्तरांनी हातानं सडक दाखवली.

तिनं हात जोडले. वळली. बाहेर गेली, पण कमानीचं गोणपाट हललं नाही.

थोड्या वेळानं टोपणदास नावाचे म्हातारे हात शेकायला आले. मास्तर आनंदानं म्हणाले, "टोपणदासजी, परसो की माँ मिल गई!"

म्हाताऱ्याचे हात निखाऱ्यांवर तसेच राहिले.

"परसो की माँ? मास्टर, वो तो गाडी में ही खत्म हो गई. रतलाम के पहले. बहुत ठंड थी उस रात. अपनी ओढनी उतारके बच्चे पे लपेट दी उसने. सुबह देखा तो..." त्यांनी मान खाली घातली. "हमने ही उतारा उसे."

मास्तरांना उमगलं. आई पोराला न्यायला आली होती. आणि पत्ता... पत्ता आपण दिला.

सायकल काढली ती शाहपूरच्या सडकेला लावली. गाव मागं पडलं. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा. वारा नव्हता. तरी पानं सळसळत होती. एका बाजूची. मग दुसऱ्या बाजूची. सायकलचा दिवा विझला. अंधार. पुढं, लांब... कुणीतरी चाललं होतं. उघड्या डोक्यानं. मास्तरांनी जोर लावला. अंतर तेवढंच. आणखी जोर लावला. तेवढंच. त्यांना हाक मारायची होती. थांब म्हणायचं होतं.

मग पुढं कुणी नव्हतं.

...मारुतीचं देऊळ. मागं मालूबाईचं घर. दार सताड उघडं.

आत काळोख. चूल विझलेली. मालूबाई भिंतीला टेकून झोपेत.

"मालूबाई!"

ती दचकली. "मास्तर? इतक्या राती? अन् दार... दार कोणी उघडलं? कडी मीच लावली व्हती!"

मास्तर थेट खाटेपाशी गेले. पोर हलत नव्हतं. हात पुढं केला. मागं घेतला. पुन्हा केला... कपाळ ओलं होतं. घाम. ताप उतरला होता. श्वास संथ, गाढ झोपेतला.

मालूबाईनं चिमणी लावली, उजेड पोराच्या तोंडाशी नेला, आणि थबकली.

"मास्तर... हे काय?"

उजव्या कानाखाली काजळाची तीट होती. ओली.

"माझ्या घरात काजळ कुठलं, मास्तर? मी कोणासाठी ठेवू?"

मग मास्तरांनी सगळं सांगितलं. मालूबाईनं पदरानं पोराचा घाम टिपला, तीट तेवढी सोडून.

"न्यायला आली व्हती," ती म्हणाली. "अन् माझ्यापाशी ठेवून गेली."

धर्मशाळेत ती बाई पुन्हा आली नाही. पोरं विचारायची. त्या थंडीत मास्तर स्वतःच रात्री उठून एकेकाचं पांघरूण खोचायचे. पण त्यांच्या हातानं सगळ्यांना झोप लागायची नाही. एखादं तरी अंधारात रडत राहायचं.

परसो वाचला. मालूबाई त्याला रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायची, आणि तीट धुऊन जायची. रात्री दाराला कडी. वर अडसर.

सकाळी पोर उठलं की कानाखाली तीट असायची. ताजी. बोट लावलं की बोटाला काळं लागायचं...

थंडी सरेपर्यंत. रोज.