ब्रॉनवेनचा दांडका

खुंटी रिकामी होती.

स्टेशन सांभाळणाऱ्या एलिनेदबाईंनी आधी खुंटीकडे पाहिलं, मग खुंटीखालच्या फरशीकडे. मग किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं. माणूस हादरला की कुठेही शोधतो.

"नेस्ट! अगं पोरी, दांडका गेला!"

नेस्ट मॅडॉक गार्डच्या डब्यात शिट्टी पुसत होती, ती धावत आली. आठवडाभर ती गावकऱ्यांचे दात काढायची आणि सुट्टीच्या दिवशी कूम हेलिगच्या छोट्या रेल्वेवर गार्डची टोपी घालायची. पहिल्या कामात पैसे मिळायचे. दुसऱ्या कामात लोक तिला पाहून पळत नसत.

"शेवटचा कधी पाहिलात?"

"सकाळी मीच पुसून लावला. मग तिकिटं विकायला खिडकीत बसले."

दांडका म्हणजे हातभर लांबीचं लाल लाकूड, त्यावर पितळेची पट्टी. बंदरापासून खाणीपर्यंत रूळ एकच. ज्या ड्रायव्हरच्या हातात दांडका, त्यानंच त्या रुळावर गाडी घालायची. दांडका एक, म्हणून गाडी एक, म्हणून टक्कर नाही. दांडका नसेल तर गाडी नाही, मग पाठीमागे राजा उभा असो नाहीतर पूर.

आणि आज ईस्टरचा सोमवार होता.

रुळाखालची जमीन जमीनदाराच्या इस्टेटीची. करार जुना आणि चमत्कारिक होता. दर वर्षी ईस्टरच्या सोमवारी, सूर्य मावळायच्या आत, वाफेची गाडी माणसं घेऊन खाणीपर्यंत पोहोचली पाहिजे. एकदा जरी चुकली तरी जमीन परत. यंदा इस्टेटीनं लडलो नावाचा माणूस पाठवला होता. तो फलाटावर घडीची खुर्ची टाकून, मांडीवर घड्याळ ठेवून, मनुकांचा केक खात बसला होता. जमीन हाती आली की डोंगरावर तार बांधायची आणि माणसांना लोंबकळत दरीत सोडायचं, असा त्याचा बेत होता. लोक त्याचे पैसेही देतात.

"दुसरा दांडका करा ना," तिकीट काढलेला एक पाहुणा म्हणाला.

एलिनेदबाईंनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्यानं पाद्रीबाबांना उकडायला सांगितलं होतं. "हरवलेला कुणाच्या तरी हातात असेल. त्यानं तिकडून काही रुळावर घातलं तर? नवा करायला सरकारी निरीक्षकाची सही लागते. तो आज सुट्टीवर. मेंढी भाजत बसला असेल."

डब्यांतली माणसं सँडविच काढू लागली. पोरं रडू लागली. एलिनेदबाई रडल्या नाहीत, पण त्यांनी एकाच माणसाला तीनदा तिकीट विकलं.

नेस्टनं टोपी नीट केली आणि चौकशीला निघाली. ती जन्मभर लोकांना "रोज दात घासता का?" विचारत आली होती आणि जन्मभर लोक "हो" म्हणत आले होते. खोटं कसं ऐकू येतं ते तिला ठाऊक होतं.

पहिला लडलो.

"दांडका तुम्ही घेतलात?"

"कसला दांडका?"

"लाल. तो नसला तर गाडी सुटत नाही."

लडलोनं घास थांबवला. "म्हणजे, इंजिन आहे, कोळसा आहे, रूळ आहेत, आणि एका काठीवाचून गाडी अडलीय?"

"हो."

तो इतका हसला की केक नाकात गेला. नेस्टला त्याची पाठ थोपटावी लागली. "बाई," तो डोळे पुसत म्हणाला, "मला गाडी अडवायची असती तर मी रुळावर मेंढ्या सोडल्या असत्या. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं."

त्याची खालची दाढ किडली होती, पण तो खरं बोलत होता.

दुसरा इद्वल, ड्रायव्हर. तो आवारात ब्रॉनवेनला दहा पावलं पुढे, दहा पावलं मागे करत होता. ब्रॉनवेन म्हणजे इंजिन. हिरवं, बुटकं, पाठीवर पाण्याची टाकी खोगिरासारखी.

"काय करताय इद्वलकाका?"

"माझं नशीब तपासतोय. आज हिच्या पोटात काहीतरी ठकठकतंय. सगळे सांधे बघितले, सगळे नट आवळले. चालवली की ठक. थांबवली की पुन्हा एकदा ठक."

"थांबवल्यावर?"

"थांबवल्यावर! मला टोमणा मारल्यासारखी. शेजारच्या खोऱ्यातली रेल्वे बुडाली म्हणून ही आपल्याकडे नांदायला आली. एलिनेदच्या नवऱ्यानं, देव त्याला शांती देवो, तेव्हा शब्द दिला होता की आपली रेल्वे बंद पडली तर हिला माहेरी परत धाडू. तिला वास लागलाय बघ. निघायची तयारी करतेय."

"सकाळपासून इंजिनाजवळ कोण आलं होतं?"

"कोण येणार? कॅराडॉग रूळ तपासायला निघताना शिव्या देऊन गेला. आणि तो फुलवाला. टाकीवर चढून झारीत पाणी भरून घेतलं त्यानं. नळाच्या पाण्यानं त्याच्या फुलांना अपचन होतं म्हणे."

फुलवाला म्हणजे सेल्विन. नवा स्वयंसेवक. बंद पडलेलं फुलांचं दुकान आणि खूप मोकळा वेळ, असं त्यानं आल्या दिवशी सांगितलं होतं. रेल्वेतलं ओ की ठो कळत नव्हतं. इथे डोंगर उतरून बंदराकडे येते ती अपची गाडी, आणि डोंगर चढून खाणीकडे जाते ती डाऊनची. कारण जुन्या लोकांनी अप म्हणजे बंदर असं एकदा ठरवलं आणि मग ते मेले. नवा माणूस यात हटकून फसतो. सेल्विन तर रोज फसायचा. आज सकाळीसुद्धा खाणीकडे जाणारा अख्खा भजनी मेळा त्यानं अपच्या फलाटावर नेऊन उभा केला होता. सगळे त्याला हसले होते. तोही हसला होता.

तो आता कुंडीतली पिवळी फुलं उगाच सारखी करत होता.

"सेल्विन, दांडका पाहिलात?"

"पाहिला तर." त्यानं आवाज खाली आणला. "मला चहाडी करायला आवडत नाही, डॉक्टरीणबाई."

"करा. दात काढण्यापेक्षा कमी दुखतं."

"कॅराडॉगच्या बगलेत होता. घाईत होता तो. डाऊनने चढून गेला."

"नक्की?"

"या डोळ्यांनी पाहिला."

झालं. कॅराडॉग हा रुळांचा राखणदार, पाहणीला पायी वर गेलेला. डोंगरात फोन लागत नाही. दांडका त्याच्याकडे असेल तर तो येईपर्यंत थांबायचं. त्याच्याकडे नसेल तरी तो सांगेपर्यंत थांबायचं. नियमच तसा.

थांबले.

दुपार उलटली. सावल्या लांबल्या. निम्मे पाहुणे परत गेले. एलिनेदबाईंनी नवऱ्याचा फोटो भिंतीवरून काढून पिशवीत ठेवला, मग बाहेर काढला, मग पुन्हा ठेवला. जन्मभर त्यांनी हे स्टेशन झाडलं होतं. उद्या इथे लोक तारेला लोंबकळत किंचाळणार होते.

"मी त्याला म्हटलं होतं, सांभाळीन," त्या फोटोशी बोलावं तशा बोलल्या. "एवढा एक दांडका सांभाळता आला नाही बघ."



सूर्य डोंगराच्या खांद्यावर टेकायला आला तेव्हा कॅराडॉग लंगडत उतरला. रिकाम्या हातांनी.

"दांडका?" सगळे एकदम ओरडले.

"कसला दांडका? पायी जायला दांडका लागतो का? चोवीस मेंढ्या हाकलल्या रुळावरून! गाडी का नाही आली? मी वर खाणीत तासभर झेंडा घेऊन उभा होतो, येड्यासारखा!"

"तू नेला नाहीस? खुंटीवर होता?"

"निघालो तेव्हा खुंटीवर होता. चकाकत होता. एलिनेद, तू रडतेस कशाला?"

सेल्विन हळूच मागे सरकला.

"सेल्विन," नेस्ट म्हणाली, "थांबा. तोंड उघडू नका, नुसतं ऐका. नेहमी उलटं सांगते, आज असं."

फलाटावरचे सगळे गोळा झाले. लडलोनंसुद्धा खुर्ची जवळ ओढली.

"दांडका चोरणाऱ्याला गाडी अडवायची होती. परक्या माणसानं रुळावर दगड टाकला असता. दांडका गेला की सगळं थिजतं, हे फक्त रेल्वेवाल्याला कळतं. लडलोसाहेबांना ते कळल्यावर ठसका लागला. ते सुटले. उरले आपण. इद्वलकाकांनी रेल्वे बुडवून काय करायचं? स्वतःच्या घरात त्यांना झोप लागत नाही. एलिनेदबाईंबद्दल बोलायलाच नको. कॅराडॉगवर संशय आला तो तुमच्या एका वाक्यानं. ते वाक्य पुन्हा म्हणा."

सेल्विननं कुंडीकडे हात नेला.

"मी म्हणते. 'डाऊनने चढून गेला.' कॅराडॉग, यात काही चूक आहे?"

"चूक? डाऊननेच तर चढतात."

"आपण चढतो. जगातली बाकी माणसं वर चढतात. सकाळी भजनी मेळा चुकीच्या फलाटावर नेणारा माणूस त्याच दिवशी असं बोलतो? मीसुद्धा वर्षभर अडखळत होते. खोटं बोलायची घाई झाली आणि तुमची खरी भाषा तोंडातून निसटली. तुम्ही फुलवाले नाही. आणि जो रेल्वेवाला मुद्दाम अडाणी होतो, त्याला इथे ओळख लपवायची असते. ही रेल्वे बुडाली तर कुणाला काय मिळतं? लडलोसाहेबांना जमीन. आणि ब्रॉनवेनच्या माहेरच्यांना ब्रॉनवेन."

इद्वलनं आ वासला. "तू तिचा... तू तिकडचा ड्रायव्हर?"

"शेवटचा," सेल्विन म्हणाला. "शेवटची गाडी मी आणली. दुसऱ्या दिवशी ट्रकवर चढवून नेली तिला. ताडपत्री घालून, मढ्यासारखी. तुम्ही तिला हिरवा रंग दिलात! ती लाल होती."

"दांडका कुठे आहे?" एलिनेदबाईंनी विचारलं.

त्यानं पाठ फिरवली.

"त्यांनी नाही सांगितलं तरी चालेल," नेस्ट म्हणाली. ती ब्रॉनवेनजवळ गेली, पाना उचलला आणि टाकीवर हलकेच टकटक करू लागली, जशी ती दाढांवर करते. "इद्वलकाका, सांध्यातला आवाज गाडी थांबली की थांबतो. थांबल्यावर काय हलत राहतं?"

"पाणी," इद्वल पुटपुटला. "पाणी डुचमळतं."

"आणि पाण्यावर लाकूड तरंगतं. टाकीवर झारी घेऊन एकच माणूस चढला होता."

इद्वल वर चढला, झाकण उघडलं आणि खांद्यापर्यंत हात घातला. "सापडला!" मग, "निघत नाही." मग, "दांडका निघेल, मी निघत नाही." मूठ सोडायला तो तयार नव्हता, आणि मुठीसकट हात भोकातून येत नव्हता. कॅराडॉगनं त्याची कंबर धरून ओढलं. एक आवाज झाला, तो नेस्टला दवाखान्यातसुद्धा आवडला नसता. दांडका बाहेर आला. इद्वलही आला. पण त्याचा खांदा जागेवर नव्हता.

"कोळसा मी टाकीन," कॅराडॉग म्हणाला, "पण चालवणार कोण?"

डोंगरावर सूर्याची बोटभर कड उरली होती आणि वरपर्यंत चढ होता. मग सगळ्यांच्या माना एकाच माणसाकडे वळल्या.

"हा?" कॅराडॉग किंचाळला. "दरीत घालील सगळ्यांना!"

"परवानगी माझी," एलिनेदबाई म्हणाल्या. "याच इंजिनावर याची परीक्षा झालीय." त्या सेल्विनसमोर येऊन उभ्या राहिल्या. हात जोडले नाहीत, पण आवाज जोडलेलाच होता. "चालवाल?"

"मी तिला वर नेली, तर ती कायमची तुमची."

"हो."

"आणि इथे नुसता उभा राहिलो, तर माझी."

"हो. नवऱ्याचा शब्द मी पाळीन."

सेल्विन उभाच राहिला. लडलोनं घड्याळ वर धरलं. तेवढ्यात ब्रॉनवेननं धुराचा काळा, जाड, दमेकऱ्यासारखा लोट सोडला, आणि सेल्विनचं लक्ष पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेच्या नळीकडे गेलं.

"पाणी बघितलंय का हिचं?" तो ओरडला. "आग बघा, मेलीय नुसती! दिवसभर उभी ठेवून काय हाल केलेत! सरका!"

तो वर चढला होता. नेस्टनं दांडका त्याच्या हातात दिला आणि मागच्या डब्याकडे पळाली.

गार्डला मागून काहीच करता येत नाही, फक्त ब्रेक धरता येतो. नेस्टनं तो धरला. गाडी चढू लागली. पहिलं वळण. दुसरं. मग इंजिनाच्या धापांमधलं अंतर वाढलं. गाडी मंदावली, आणि ऐन चढावर उभी राहिली.

घड्याळासकट डब्यात चढलेल्या लडलोनं खिडकीतून डोकं काढलं. "झालं वाटतं!"

नेस्टनं ब्रेक आवळला. खाली दरी होती, समोर लाल झालेलं आभाळ. त्यानं मन बदललं असेल तर? त्याला आता काही करायचीही गरज नव्हती. नुसतं थांबायचं होतं.

मग पुढून पाणी आत ओढल्याची लांब सुरसुर आली. फावड्याचा आवाज आला. पुन्हा फावडं. सेल्विन तिला दम खाऊ देत होता. नेस्ट आकडे मोजत नव्हती, प्रार्थनाही करत नव्हती. ती दात खात होती, जे ती सगळ्यांना करू नका म्हणते.

शिट्टी वाजली. चाकं एकदा जागीच फिरली, मग त्यांनी रूळ धरला.

खाणीचा फलाट आला तेव्हा पाटीवर ऊन होतं. एवढुसं होतं, पण लडलोनं त्याकडे दोनदा पाहिलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा पाहिलं, आणि घड्याळ खिशात टाकलं. भजनी मेळ्यानं न सांगता गायला सुरुवात केली.

सेल्विन खाली उतरला, काळा आणि घामानं निथळलेला. नियमाप्रमाणे त्यानं दांडका गार्डपुढे धरला आणि नियमाप्रमाणे विचारलं, "सगळी गाडी आली?"

नेस्टनं शेवटच्या डब्याच्या दिव्याकडे पाहिलं. "सगळी आली."

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"पोलीस?" त्यानं अखेर विचारलं.

"खाली बंदरावर."

"तिथे मला नेणारी गाडी चालवणार कोण?"

नेस्टनं कॅराडॉगकडे पाहिलं. कॅराडॉगनं आभाळाकडे पाहिलं.

"बरं," सेल्विन म्हणाला, आणि तेलाची बुधली उचलली. "मग थांबायला लागेल. आधी हिला पाणी पाजतो."