तुमची पोळी, आमची पोळी

"बाई, पोरांका काय शिकयलात तुमी? सात वाजूच्या आत माझी टोपली रिकामी झाली!"

गोव्यातल्या पार्स्याच्या शाळेच्या फाटकात सायकलवरचा पाववाला मला जाब विचारत होता... आणि हसत होता. आदल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं होतं – 'सकाळी उपाशी येऊ नये. पोळी-भाजी खावी.' पुण्याहून वर्षभरासाठी शिकवायला आलेल्या मला काय ठाऊक, इथे पोळी म्हणजे कोंड्याचा गोल, फुगलेला पाव! अख्खा वर्ग तोच खाऊन आला होता.

"मी चपातीबद्दल म्हणत होते," मी ओशाळून म्हटलं.

"ती तुमची पोळी. ही आमची. बरी नाय काय?"

वाईट कशाला? बिस्किटांपेक्षा शंभरपट बरी. आणि तो पाववाला, गौरेश... तोही काही वाईट नव्हता.

रोज पों-पों हॉर्न वाजवत यायचा. एकदा मी विचारलं, "तू काय खाल्लंस सकाळी?"

"कोरी चाय."

"गावाला खाऊ घालतोस आणि स्वतः उपाशी? अंगठे धरून उभं करीन हं!"

"करा... तुमच्या वर्गात येऊक मिळात तरी!"

दुसऱ्या दिवसापासून माझ्या डब्यातल्या दोन पोळ्या त्याच्या झाल्या, त्याच्या टोपलीतली एक माझी. मुली खुदखुदायच्या. मला मेलं आवडायचंच ते.

एका शुक्रवारी तो हॉर्न न वाजवताच आला. बोटीवर बेकरचं काम... दोन वर्षांपूर्वी केलेला अर्ज, बोलावणं आत्ता आलेलं. उद्याच निघायचं होतं. त्याच्या वडिलांची पावाची भट्टी बंद पडायला आली होती. अख्ख्या घराचा जीव या नोकरीत अडकलाय, हे त्यानंच मला सांगितलं होतं.

"तू नको म्हणशीत तर मी जावचंय नाय," तो म्हणाला. पहिल्यांदाच 'तू' म्हणाला – आणि तेही आज!

नको, नको जाऊस... माझं सगळं अंग ओरडत होतं. पण भट्टीवर पाहिलेला त्याच्या वडिलांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

"जा," मी म्हटलं. "पण... उपाशी जाऊ नकोस."

डबा पुढे केला. त्यानं उभ्याउभ्या खाल्लं, मान वर न करता. जाताना एक पोळी माझ्या हातात ठेवली, आणि सायकल वळणाआड गेली.

सोमवारी हजेरी झाल्यावर मी नेहमीचा प्रश्न विचारला, "आज काय खाऊन आलात?" खोटं बोलायचं नाही, असा आमच्या वर्गाचा नियम. कुणी पेज, कुणी भाकरी, कुणी उसळ म्हणालं. मग पहिल्या बाकावरच्या सिद्धीनं हात वर केला.

"बाई, तुमी काय खाल्लात?"

काहीच नाही. शुक्रवारपासून नीट काहीच नाही. मी पर्समधून ती वाळलेली पोळी काढली, तुकडा मोडून तोंडात घातला. कडक झाली होती. डोळे भरून आले, तरी चावत राहिले.

"पोळी," कसंबसं म्हटलं.

"खंयची, बाई? तुमची काय आमची?"

"आमची," मी म्हणाले.