जित्याच्या नावाचा थेंब

माझ्या लिहिण्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका असतील, त्याची आधीच माफी मागतो. ठाण्याच्या शाळेत मी तिसऱ्या इयत्तेपर्यंत गेलो, मग मिठागरावर हात कमी पडतात म्हणून बाने घरी बसवलं. शब्दही माझ्याजवळ साधेच आहेत. आमची बोली मला लिहिता येत नाही, म्हणून माणसांचं बोलणं थोडं पुस्तकी झालं आहे. हे तोंडानं सांगायला गेलो की माझी जीभ अडते. ती अडली म्हणूनच हे सगळं झालं. तेव्हा लिहितो.

आमचं गाव माजिवड्याच्या खाली, खाडीच्या अंगाला. दिवसभर वाफ्यांतलं मीठ लाकडी फावड्यानं ओढायचं. पायाच्या भेगांत मीठ जातं, डोळ्यांत जातं, आणि संध्याकाळपर्यंत घसा असा खारतो की पाणी प्यालं तरी तहान हलत नाही. ती तहान ताडीनंच जाते. दिवस कलला की मडकं घेऊन मी बांधावरून नाथा भंडाऱ्याच्या ताडांकडे जात असे. हे माझं रोजचं काम. नाथा वरून उतरायचा, कमरेचं भांडं माझ्या मडक्यात ओतायचा आणि रोज एकच गाऱ्हाणं सांगायचा, "विश्राम, सरकारनं ताडीवर कर बसवून माझ्या झाडांना आकडे घातले. आता त्यावर कावळा बसला तरी त्याला दाखला लागेल बघ."

परत येताना मडक्यातून बारीक फसफस ऐकू यायची. कुणीतरी आत कुजबुजतंय असं वाटायचं. लहानपणी मी भीत असे. मोठेपणी तो आवाज ऐकला की तोंडाला पाणी सुटायचं.

बा कधी झिंगला नाही. ओटीवर खाडीकडे तोंड करून बसायचा आणि मोजून दोन करवंट्या प्यायचा. पहिला घोट गेला की डोळे मिटायचा. तेवढ्या वेळात त्याच्या तोंडावरचा सगळा दिवस उतरून जायचा. ते बघायला मला फार आवडे.

पण त्या घोटाआधी एक रीत होती. करवंटीत बोट बुडवायचं आणि जमिनीवर थेंब सांडायचा. एकेका थेंबाला घरच्या एकेका मेलेल्या माणसाचं नाव. आजा, आजी, माझी आई. त्यांनी चाखल्याशिवाय आपण प्यायचं नाही. एकाचंही नाव गाळायचं नाही, नाहीतर तो उपाशी उठून जातो. आणि जित्या माणसाचं नाव तर चुकूनही घ्यायचं नाही.

१८८६ च्या कार्तिकात माझा थोरला भाऊ परशुराम मिठाच्या पडावावर मुंबईला गेला. तुर्भ्याच्या पुढे अवेळी वादळ उठलं. चार दिवसांनी पडावाची डोलकाठी गावली. पडाव हाकणाऱ्या तांडेलाचं प्रेत गावलं. दादाचं काहीच गावलं नाही.

त्या संध्याकाळी मी नेहमीसारखं मडकं आणून ठेवलं. बाने करवंटी भरली, बोट बुडवलं. आज्याचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, आईचं घेतलं. मग बोट तसंच हवेत राहिलं. टोकाला थेंब लोंबत होता.

"काय झालं, बा?"

"नाव गाळलं आणि तो मेलेला असला, तर माझा पोर उपाशी जाईल," बा म्हणाला. "घेतलं आणि जिता असला तर..."

त्यानं करवंटी खाली ठेवली. प्याला नाही.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. चाळीस संध्याकाळी मी मडकं आणलं आणि सकाळी आंबून गेलेली ताडी बांधाखाली ओतली. बाचं जेवण तुटलं, बोलणं तुटलं. गोदा वहिनी दिवा लावून दारात उभी राहायची आणि बांधाकडे बघत राहायची. घरात कुणी रडतही नव्हतं, कारण रडलं तर दादा मेला असं ठरलं असतं.

एक्केचाळिसाव्या संध्याकाळी बाचं बोट पुन्हा हवेत राहिलं तेव्हा मी माझं बोट करवंटीत बुडवलं, थेंब सांडला आणि म्हणालो, "परशुराम."

खरं सांगतो, दादा मेला असं मला वाटत नव्हतं. मला फक्त ते संपायला हवं होतं.

बाने माझ्याकडे पाहिलं. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. वहिनी दिवा घेऊन बाहेर आली तशी तो मोठ्यानं म्हणाला, "गोदा, परशुरामाचं नाव मी घेतलं."

वहिनीनं दिवा खाली ठेवला. उंबऱ्यावर हात आपटून तिनं बांगड्या फोडल्या. बाने करवंटी तोंडाला लावली. पण या वेळी त्याचे डोळे मिटले नाहीत.

नवव्या दिवशी, दिवेलागणीला, दादा बांधावरून चालत आला.

हर्णईच्या एका गलबतानं त्याला उचललं होतं. महिनाभर तिकडे तापात पडून होता. दाढी वाढलेली, बरगड्या मोजाव्यात असा झालेला, पण हसत होता. "काय रे, भूत आलं वाटलं काय? भुताला भूक नसते. मला लागलीय. वहिनीला सांग भाकरी टाक... आणि आधी ओत."

बा त्याला धरून लहान पोरासारखा रडला. वहिनी दारामागं उभी होती, मोकळे हात पदरात लपवून. मी करवंटी भरून दिली. दादानं थेंब सांडले, आज्याचं, आजीचं, आईचं नाव घेतलं आणि एका दमात करवंटी रिकामी केली.

मग तो थांबला. जीभ टाळूला लावून बघितली.

"विश्राम, चेष्टा करतोस? हे पाणी आहे."

मी माझी करवंटी चाखली. ताडी चांगली होती, जिभेला चावणारी. दादा माझी घेऊन प्याला. "हेही पाणीच," तो म्हणाला.

त्याच वेळी माझं लक्ष जमिनीकडे गेलं. मी ज्या जागी त्याच्या नावाचा थेंब सांडला होता, तिथं सारवण ओलं होतं. तळहाताएवढा डाग. नऊ दिवसांत वाळलेला नव्हता, आणि त्याच्यावर बारीक फेस हलत होता.

त्यानंतर रोज संध्याकाळी हेच. दादा पीत होता आणि त्याला चव लागत नव्हती. आधी ताडीची गेली, मग भाकरीची, मग मिठाची. तो वाळत चालला आणि डाग वाढत चालला. बा नावं घ्यायचा, शेवटचं आईचं. त्यानंतर क्षणभर सगळे गप्प असायचे, आणि त्या गप्पपणात ओटीच्या त्या कोपऱ्यात कुणीतरी सावकाश घोट घेतल्यासारखा आवाज व्हायचा. एक घोट. मग खाडीच्या चिखलाचा आणि शिळ्या ताडीचा वास.

आम्ही एकमेकांकडे बघत नसू.

बाने नाव घेतल्याचं दादाला कुणीतरी गावात सांगितलंच. तो घरी येऊन बापुढं उभा राहिला. "पन्नास दिवस कळ काढवली नाही तुला? बाप आहेस की सरणाचा लाकूडवाला?"

"चुकलं माझं," बा म्हणाला.

वहिनी आतून म्हणाली, "मामंजी, बांगड्या फोडायला कासारीण लागत नाही. भरायला लागते."

मला वाटलं, खरं काय ते उद्या सांगू.

मी नाथाला विचारलं. नुसतं 'असं कुणाचं झालं तर' असं विचारलं. तो ताडावर अर्धा चढला होता, तो खाली आला. त्या दिवशी त्यानं सरकारला शिव्या दिल्या नाहीत.

"खाडीत बेवारशी मेलेले पुष्कळ आहेत," तो म्हणाला. "त्यांच्या नावानं कुणी थेंब सांडत नाही. जित्याचं म्हणून एखादं नाव मोकळं दिसलं की त्याच्यावर येऊन बसतात. ज्यानं थेंब दिला त्यानं त्याच जागी बसून तो परत मागावा. लवकर मागितला तर उठून जातो. उशीर केला तर त्याला सवय होते... मग रिकाम्या हाती उठत नाही."

"आणि दुसऱ्या कुणी मागितला तर?"

"त्याचं तो कशाला ऐकेल?"

मी घरी येऊन बाला हे सांगितलं. शेवटची गोष्ट सांगितली नाही, पण ती त्याला कळलीच असणार. त्या संध्याकाळी दादा आणि वहिनीच्या समोर बा त्या डागाजवळ बसला. "माझा परशुराम जिता आहे. मी दिलेला थेंब परत दे." तीन वेळा म्हणाला. डाग हलला नाही. बाने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. 'बोल' असं सांगणारं ते बघणं नव्हतं. वाट बघणारं होतं.

माझे ओठ उघडले. समोर वहिनीचे मोकळे हात होते. मी ओठ मिटले.

कोपऱ्यात घोट घेतल्याचा आवाज झाला.

असे सहा दिवस गेले. सहा संध्याकाळी बाने माझ्यासाठी खोटं बोलून दाखवलं, आणि सहा संध्याकाळी मी उद्यावर टाकलं. सातव्या दिवशी दादाला उठता येईना. वहिनीनं त्याला खांबाला टेकवून बसवलं. त्याचे ओठ मिठानं फुटल्यासारखे पांढरे पडले होते. "विश्राम," तो म्हणाला, "ओत रे. चव नसली तरी ओत. या वेळेला हातात करवंटी नसली तर मी घरी आलोच नाही असं वाटतं."

तेव्हा मी त्या डागाजवळ जाऊन बसलो.

"वहिनी, बा खोटं बोलला. नाव... नाव मी घेतलं होतं. दादा, मी घेतलं. मला... मला वाट बघवेना." मग जमिनीकडे बघून म्हणालो, "परशुराम जिता आहे. माझा थेंब मला परत दे."

खाडीवरचा वारा पडला. डागावरचा फेस हलायचा थांबला, जसं कुणी ऐकायला मान वळवावी. पण डाग गेला नाही. मी पुन्हा म्हणालो, पुन्हा म्हणालो, माझा आवाज फुटला, तरी गेला नाही.

बा माझ्या शेजारी येऊन बसला. त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. दुसऱ्या हाताचं बोट स्वतःच्या करवंटीत बुडवलं आणि त्या डागावर एक थेंब सांडला. ओठ हलले. आवाज नव्हता, पण इतक्या जवळून मला ते वाचता आले. तो म्हणाला होता, "धाकू."

धाकू हे बाचं नाव.

सारवण कोरडं झालं. माझ्या डोळ्यांदेखत, तव्यावरचं पाणी सुकावं तसं.

मागं दादाला ठसका लागला. "अरे... आंबट आहे!" तो ओरडला. "चांगली आंबट आहे! विश्राम, अजून घाल!" दोन्ही हातांनी त्यानं करवंटी धरली, फेस मिशीला लागला, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वहिनी आतून सुके बोंबील भाजून घेऊन आली. दादानं एक तोंडात टाकला आणि खारटपणावर असा खुश झाला की वहिनीलाही हसू फुटलं. मला तिनं एकच वाक्य म्हटलं, "भावजी, तुमच्या तोंडाला फार उशिरा वाट मिळते." पण बोंबील माझ्याही पुढं ठेवला.

आमच्या घरात तशी संध्याकाळ पुन्हा झाली नाही. बा मध्ये बसला होता. त्यानं घोट घेतला, डोळे मिटले, पूर्वीसारखे. मला वाटलं, नाथा चुकला असेल. मी हळूच विचारलं, "कशी आहे, बा?"

"पाणी आहे," तो माझ्या कानाशी म्हणाला. "दादाला सांगू नको."

सकाळी मी उठलो तेव्हा बाचं अंथरुण रिकामं होतं. दादा आत गाढ झोपला होता, घोरत होता. मी बांधावरून ताडांकडे धावलो. नाथा वर होता. मला बघून त्यानं वरूनच हाक मारली.

"विश्राम, तुमच्याकडे पाहुणा आहे काय? उजाडायच्या आधी तुझा बा इथून खाडीकडे गेला. एकाच्या गळ्यात हात टाकून, प्यालेली माणसं जातात तसा. मी विचारलं, धाकूदादा, बरोबर कोण? तर म्हणाला, माझा परशुराम."

"दादा घरी आहे," मी म्हणालो. "झोपलाय."

नाथा वरच राहिला. खाली उतरायची त्याला घाई दिसली नाही.

मी घरी परतलो. वहिनी चुलीपाशी होती. तिला काही सांगायच्या आत तीच म्हणाली, "भावजी, पहाटे हे झोपेत बोलत होते. डोळे मिटलेले. दोनदा म्हणाले, बा, इथं चिखल आहे, सांभाळून."

दारातून मला दादा दिसत होता. तो अजून झोपला होता, आणि झोपेत त्याचा उजवा हात वर उचललेला होता, कुणाच्या तरी खांद्यावर ठेवल्यासारखा.

मी त्याला उठवलं नाही. लांब काठी घेतली आणि ओहोटी होती तोवर बाला शोधायला खाडीत उतरलो.