उत्तर पश्चिम

कर्नल चिंतामण गायधनी आले ते चिडूनच. खुर्ची दाखवली तरी बसले नाहीत.

"तपास नकोय मला," ते खासगी गुप्तहेर सरोजिनी पिंगळेला म्हणाले. "गद्दार कोण ते मला पता आहे. तुम्ही फक्त तिच्याकडून कबूल करून घ्या."

कोपऱ्यात शब्दकोडं सोडवत बसलेल्या दिनेश अहिरेने मान वर केली. सरोजिनीचा हा मदतनीस सकाळपासून वैतागला होता. कोडं सुटत नव्हतं, पंखा फिरत नव्हता आणि आता हे गिऱ्हाईक.

कर्नलांची सुरुवात तोफखान्यातली. मग सरहद्दीवर गुप्तवार्ता आणि शेवटी तरुण अधिकाऱ्यांना रणनीती शिकवणं. निवृत्तीनंतर नाशिकला परतून त्यांनी गंगापूर रोडवर सैन्यात अधिकारी होऊ पाहणाऱ्या मुलांसाठी क्लास काढला होता. देवळालीत सुभेदार यादवांचा तसाच क्लास. दरवर्षी दोन्हीकडच्या मुलांची वाळूच्या नकाशावर लढत व्हायची. शत्रू कुठल्या दिशेनं येणार हे कर्नल ठरवत आणि मुलांनी ते ताडून तोफा मांडायच्या.

"दोन वर्षं यादवची पोरं अचूक मांडतायत," कर्नल म्हणाले. "म्हणजे घरातूनच खबर जाते. म्हणून यंदा वाळूचं टेबल मांडणाऱ्या तिघांना तीन वेगळ्या दिशा सांगितल्या. स्वरदाला नॉर्थ-वेस्ट, ललितला वेस्ट, मयुरेशला साउथ."

"आणि?"

"काल यादवचा फोन. त्याच्या पोरांची कुजबुज त्यानं ऐकली. 'उत्तर पश्चिम'. दोनच शब्द, पण साफ. खबर कुणी आणली ते पोरं सांगेनात."

"सुभेदार तुमच्याशी कशात बोलतात?"

"हिंदीत. मूळचा गोरखपूरचा आहे तो. पूरी सर्व्हिस आम्ही हिंदीतच बोललो. त्याचा काय संबंध?" कर्नलांनी टेबलावर एक किल्ली आपटली. "स्वरदाची. क्लास तिच्या हाती देणार होतो मी. उमर गेली खबरी पकडण्यात, आणि माझ्याच घरात हे. आज संध्याकाळी सगळ्या मुलांसमोर तिचं नाव सांगणार आहे."

*

स्वरदा क्लासच्या पायरीवर बसली होती. आत यायची तिला मनाई होती.

"सरांनी सांगितलं, शत्रू वायव्येकडून येणार. मी कुणाकडे ब्र काढला नाही," ती म्हणाली. "पण एकदा त्यांनी मुलांसमोर नाव घेतलं की नाशिकात कुठला क्लास मला दारात उभं करेल?"

मयुरेशने काही लपवलं नाही. "सुभेदारांकडे नोकरी मागितलीय मी. इथे चहासुद्धा परवानगीनं प्यावा लागतो. पण मला सांगितली होती दक्षिण. तिकडे पोचली दुसरीच. मग मी कसा?"

ऑफिस सांभाळणाऱ्या ललितने दोघांना बसायला खुर्च्या दिल्या. "मला पश्चिम सांगितली होती. आमचा तनय, बहिणीचा मुलगा, सुभेदारांकडेच शिकतो. मामाच्या क्लासात धाक राहत नाही म्हणते बहीण." मग हळूच म्हणाला, "स्वरदाताई असं करतील वाटलं नव्हतं, मॅडम."

तो चहा सांगायला बाहेर गेला.

"झालं," दिनेश पुटपुटला. "एकाला नोकरी हवी, एकाचा भाचा तिकडे. पण सापळ्यात सापडली पोरगी. आपण कशाला आलो?" त्याने खिशातून कोडं काढलं. "बघा, हे तरी सुटलं. चिखलात उगवतं, तीन अक्षरं. उत्तर कमळ."

सरोजिनी एकदम थांबली. "काय म्हणालास?"

"उत्तर कमळ. का, चुकलं?"

"अजिबात नाही. कर्नलांना बोलाव. आणि स्वरदाला आत आण. त्यांनी डोळे वटारले तरी."

*

सगळे वाळूच्या टेबलाभोवती उभे राहिले. सरोजिनीने काठीचं टोक एका कोपऱ्यावर ठेवलं.

"ही उत्तर, ही पश्चिम. मधला हा कोपरा कुठला? मयुरेश?"

"वायव्य."

"स्वरदा?"

"वायव्य."

"दिनेश?"

"वायव्य. आमच्या नामपूरच्या शाळेतही हेच शिकवतात."

"कर्नल?"

"उत्तर-पश्चिम," कर्नल म्हणाले.

"हिंदीत तसंच म्हणतात," सरोजिनी म्हणाली. "मराठी माणूस म्हणत नाही. स्वरदानं दिशा फोडली असती, तर तिकडे 'वायव्य' पोचलं असतं. यादवांची पोरं इथलीच. ती आपसात मराठीत कुजबुजत होती आणि सुभेदारांनी ते हिंदी कानानं ऐकलं. त्यांनी ते शब्द तुम्हाला हिंदीत सांगितले, तुम्हीही हिंदीतच ऐकले. तीच कुजबुज आता मराठीत ऐका. उत्तर काय? उत्तर, पश्चिम."

कर्नलांनी टेबलाची कड धरली.

"त्यातली 'उत्तर' ही दिशा नव्हतीच, प्रश्नाचं उत्तर होतं. आणि पश्चिम फक्त एकाला सांगितली होती."

ललित वाळूकडे बघत बोलू लागला. "तनय सैन्याच्या मुलाखतीत दोनदा नापास झाला," तो म्हणाला. "घरात कुणाशी बोलायचा नाही. म्हटलं, एकदा कुठेतरी जिंकू दे त्याला. मग दरवर्षीचंच झालं." तो वळला. "ताई, तुमच्यावर येईल असं माहीत नव्हतं."

"आल्यावर तर कळलं होतं ना?" स्वरदा म्हणाली.

ललित खाली मान घालून बाहेर गेला. त्याला कुणी थांबवलं नाही.

दिनेशला वाटलं, आता कर्नल कुणावर तरी ओरडतील. पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "पहिल्या तासाला मीच शिकवतो. खबर कुणाच्या तोंडून आली, ते आधी बघा."

"हो सर," स्वरदा म्हणाली. "मी वहीत लिहून घेतलं होतं. तुम्ही मला विचारलंसुद्धा नाहीत. थेट किल्ली मागितलीत."

कर्नलांनी खिशातून किल्ली काढली आणि वाळूवर ठेवली, नेमकी वायव्येच्या कोपऱ्यात.

स्वरदाने ती उचलली नाही. लढतीच्या तोफा गोळा करून तिने पेटीत भरल्या आणि टेबलावरची वाळू तळहाताने सारखी केली. किल्लीभोवतीची तेवढी सोडली.

"उद्याच्या तासाला येईन, सर," ती म्हणाली. "मुलांची परीक्षा आहे. किल्ली मात्र तुमच्याकडेच राहू द्या."