सिद्धनाथच्या फोटोला लावलेले डोळे

हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही. माझ्या घरात घडलंय, आणि अजून संपलेलं नाही.

ज्यांना पटणार नाही त्यांनी खुशाल हसावं. मीसुद्धा असलं वाचून हसायचे.

तारीख सांगते. चौदा ऑक्टोबर, मंगळवार, दुपारचे तीन. ठिकाण मुळशी तालुक्यातलं कोळवण, एसटी थांब्यासमोरचा आमचा फोटो स्टुडिओ. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती. बाहेर कडक ऊन होतं आणि कुणाची तरी जीप रिव्हर्स घेताना गाणं वाजवत होती.

मी अफिफा. स्टुडिओ माझ्या अब्बांचा, नबीलाल फोटोवाल्यांचा. घरात आम्ही दोघंच.

आमचं मोठं काम म्हणजे मयताचे फोटो. कुणी गेलं की दहाव्याच्या आत फ्रेम लागते. बऱ्याच जणांचा धड फोटोच नसतो. मग लग्नाच्या गर्दीतून तोंड कापायचं, अंगावर कोट चढवायचा, मिटलेले डोळे उघडायचे. अब्बा पूर्वी ते डोळे ब्रशनं काढायचे. त्यांचा एकच नियम होता.

"मयताला जित्या माणसाचं डोळं लावायचं न्हाई."

कित्येक स्टुडिओवाले भावाचे नाहीतर मुलाचे डोळे चिकटवून मोकळे होतात. अब्बांनी कधी केलं नाही. कारण विचारलं की म्हणायचे, "उस्तादानं सांगितलंय. तू इचारू नको."

त्या आठवड्यात तानूमावशी आली. धरणाच्या काठावरच्या वाडीत शेवटचं घर तिचं. तिचा नवरा सिद्धनाथ मेंढरांना पाणी पाजायला गेला होता. गाळात रुतलेलं कोकरू काढायला उतरला, आणि वर आला तो दोन दिवसांनी. तोंड बघण्यासारखं राहिलं नव्हतं. मासे... जाऊ दे.

फोटो एकच होता. जत्रेतला, कुणाच्या तरी मोबाइलवरून फिरत आलेला. पंचवीस माणसं, आणि त्यात सिद्धनाथचं तोंड तांदळाच्या दाण्याएवढं.

"पोरी, मला त्येचं तोंड पायजे," मावशी म्हणाली. "म्या डोळं मिटलं की पाण्यातनं काढल्यालं दिसतंय. तसलं न्हाई. पयलं पायजे."

दहावा गुरुवारी होता.

आमचा कॉम्प्युटर बारा वर्षांचा. चेहरे मोठे करायचं नवं सॉफ्टवेअर टाकलं, तर ग्राफिक्स कार्ड जुनं आहे म्हणून त्यानं हात वर केले. मी स्कूटी काढली आणि घोटावड्याला दयानंदकडे गेले. कंपन्यांमधून निघालेले कॉम्प्युटर खोलून तो सुटे भाग विकतो. त्यानं एक सेकंडहँड कार्ड दिलं.

"कुणाच्या मशीनमधलं आहे?" मी विचारलं.

"मॅडम, लॉट येतो. लॉटला नाव नसतं."

दुकानात येऊन कॅबिनेट उघडलं. आत बोटभर धूळ आणि एक वाळलेली पाल. जुनं कार्ड काढलं. नवं दुप्पट लांब, म्हणून हार्ड डिस्क खालच्या खणात सरकवली. जुन्या पॉवर सप्लायला एवढा भार झेपला नसता, तोही बदलला. मग कार्ड स्लॉटवर धरून दाबलं...

टक.

क्लिप बसली. पॉवरची वेगळी वायर जोडली आणि बटण दाबलं. स्क्रीन काळीच. पाच मिनिटं मी दयानंदच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग लक्षात आलं, मॉनिटरची केबल कार्डाऐवजी मदरबोर्डला खोचली होती. चूक माझीच. केबल बदलली आणि चित्र आलं.

त्या कार्डाला दोन पंखे आहेत. काम नसलं की ते फिरत नाहीत. कार्ड राबायला लागून तापलं, तरच फिरतात. एवढं लक्षात ठेवा.

अब्बा मागे बसून सगळं बघत होते. म्हणाले, "आजची रात आन् उद्याचा दिस दे मला. ब्रशनं काढतो."

"अब्बा, तुमच्या ब्रशला आता पेन्शन द्या."

असं मी म्हणाले. त्या बोलण्याची मला आज लाज वाटते.

पंखे घुमायला लागले. तांदळाच्या दाण्यातून हळूहळू माणूस वर आला. कपाळ, मिशी, हनुवटीवरची जुनी खोक. पण डोळ्यांच्या जागी...

दोन करडे डाग.

चार वेळा करून पाहिलं. चारही वेळा डागच. सॉफ्टवेअरमध्ये एक सोय होती. नमुना म्हणून दुसरा एखादा स्पष्ट चेहरा द्यायचा. अब्बा चहा सांगायला बाहेर गेले होते. त्यांचा पासपोर्ट साइज फोटो समोर डेस्कटॉपवरच होता. वयही सिद्धनाथच्या जवळपासचं.

मी तो दिला. तेव्हा दुपारचे तीन वाजले होते.

चाळीस सेकंदांत सिद्धनाथनं डोळे उघडले.

डोळे छान आले होते. फक्त डाव्या डोळ्याच्या पांढऱ्या भागात एक तपकिरी ठिपका होता. अब्बांच्या डोळ्यात आहे, अगदी तसाच. मी तो पुसला आणि प्रिंट काढली.

प्रिंटमध्ये ठिपका होता.

पुन्हा पुसला, पुन्हा काढली. होताच. कंटाळून तीच प्रिंट फ्रेममध्ये घातली. अब्बांना दाखवली नाही.

बुधवारी मावशी आली. फ्रेम मांडीवर घेऊन दुकानाच्या पायरीवर बसली आणि पदरानं काच पुसत राहिली.

"ह्यो बगतुया माज्याकडं," ती शेवटी म्हणाली. रडत होती आणि हसतही होती. मला वाटलं, पुण्य लागलं.

गुरुवार. दुपारचे साडेबारा. कॉम्प्युटर चालू होता, पण त्यावर एकही काम उघडलेलं नव्हतं. मी काउंटरवर झेरॉक्स मोजत होते. आणि मागून आवाज आला...

पंखे फिरत होते. जोरात.

मी वळून पाहिलं. स्क्रीनवर काहीच चालू नव्हतं.

"अफी," अब्बा म्हणाले, "लाइट गेली का गं?"

लाइट होती. दारातून आलेलं ऊन अब्बांच्या गुडघ्यापर्यंत पोचलं होतं.

नंतर मावशीकडून कळलं, दहाव्याहून येऊन तिनं फ्रेम भिंतीला लावली ती साडेबाराला.

पुण्यात दोन डॉक्टरांना दाखवलं. दोघांनी पडदा बघितला, नस बघितली. दोघंही म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत. आणि अब्बांना हातभर अंतरावरचं माझं तोंड दिसत नव्हतं. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे डोळे उघडणारा माणूस भिंत चाचपत मोरीत जात होता. हे मी केलं होतं. मी रात्रंदिवस तेच घोकत होते.

सोमवारी अब्बा खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाले, "ही बाई कोण?"

दुकानात कुणीच नव्हतं.

"माज्याम्होरं बसलीया. तांदूळ निवडतीया. काय तरी बोलतीया माज्याशी, पर ऐकू येत न्हाई." मग थोडं थांबून, "आता रडतीया."

मागे पंखे घुमत होते.

मी त्याच दिवशी अब्बांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. त्याचंच मला जास्त लागलं. मग नजर त्या फोटोत गेली असेल तर इथं परत येईल म्हणून मी त्याची दुसरी प्रिंट काढून दुकानात लावली. काही फरक नाही. फाइल डिलीट केली. कार्ड उपसून जुनं परत बसवलं. अब्बांना ती बाई दिसतच राहिली.

नवं कार्ड कपाटात ठेवलं होतं. ना वायर, ना वीज. दुसऱ्या दिवशी सहज हात लावला...

गरम होतं.

मी स्कूटी घेऊन थेट तानूमावशीकडे गेले. ती दाराकडे पाठ करून बसली होती. समोर सुपात तांदूळ. त्याच्या समोर भिंतीवर सिद्धनाथ.

मी बाहेर येऊन अब्बांना फोन लावला. कानाला लावूनच आत गेले आणि फ्रेमसमोर हात धरला.

"अब्बा, किती बोटं?"

"तीन."

मी हाताकडे पाहिलं. तीनच होती.

"अफी," फोनवर अब्बांचा आवाज एकदम मऊ झाला, "तू एवढी वाळलीस का गं? जेवत न्हाईस व्हय?"

मी तिथंच खाली बसून रडले. मावशीला वाटलं, सिद्धनाथसाठी रडतेय. तिनं मला पाणी दिलं.

"मावशी, फोटोत थोडी चूक राहिलीय. नेऊन नीट करून आणते," मी म्हणाले.

"न्हाई, पोरी. वर्स हुईस्तवर त्यो घराभाईर जायाचा न्हाई. चूक आसली तर आसू दे."

अब्बांनी फोनवर ऐकलं. म्हणाले, "तिचा माणूस हाय त्यो. हिसकायचा न्हाई. ये घरी."

दिवाळी गेली. मावशीचे दीर मेंढरं घेऊन कोकणात उतरायला निघाले. भाकऱ्या थापायला मावशीही निघाली, ती शिमग्यालाच परत येणार. जाताना दुकानात येऊन तिनं किल्ली माझ्या हातात दिली.

"काच फुटंल म्हून त्येला घरातच ठिवलाय. कवा गेलीस तर धूळ पुस."

खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं. तिचा शब्द मोडणार होते, पण शिमग्याच्या आत परत नेऊन लावली असती. फ्रेम आणायची, अब्बांच्या खुर्चीसमोर टांगायची. निदान घर तरी दिसेल त्यांना, मी दिसेन.

सत्तावीस तारखेला सकाळी दहा वाजता मी हेल्मेट घातलं.

"थांब," अब्बा म्हणाले.

"काय झालं?"

"दार बंद हाय. फटीतनं उजेड येतोय. पर आत..."

त्यांनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"आत कोणीतरी बसलंय. पाठमोरं."

"मावशी परत आली असेल."

"बाप्या हाय. वला हाय."

मी हेल्मेट काढून ठेवलं. किल्ली माझ्या पर्समध्ये होती. दुसरी किल्ली नाही.

दुसऱ्या दिवशी अब्बा म्हणाले, "मान वळवतोय." तिसऱ्या दिवशी त्यांनी माझं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. अंगाला दरदरून घाम.

"अब्बा, तोंड कसं आहे त्याचं?"

"लई जवळ आलाय. त्येला माज्याकडं बगायचंय, अफी. पर बगायला त्येच्याकडं..."

 मी दुसऱ्या हातानं त्यांचा घाम पुसला.

तीस तारखेला सकाळी मी चहा गाळत होते आणि अब्बा ओरडले. भीतीनं नाही. आनंदानं.

"रस्ता! अफी, रस्ता दिसतोय! धरणाचं पाणी बग कसं निळं झालंय. भात कापायला आलंय गं!"

त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. चौदा दिवसांनी त्यांना ऊन दिसत होतं. आणि माझ्या हातातलं गाळणं खाली पडलं. कारण भिंतीवरच्या फोटोला रस्ता दिसत नाही.

फ्रेम खिळ्यावरून उतरली होती. कोणीतरी ती घेऊन चालत होतं.

चार दिवस अब्बा सांगत राहिले. वडाचं झाड. शेतात वाकलेल्या बाया. मग पूल. मग कोळवणचा फाटा. दिवसा चालायचं, रात्री थांबायचं, मेंढपाळ चालतात त्या वेगानं.

दोन नोव्हेंबरला ते म्हणाले, "आपली पाटी दिसतीय. समोरनं."

मी बाहेर धावले. समोर एसटी थांबा. बाकावर कोणीही नव्हतं. बाक मात्र एका टोकाला ओला होता.

तेव्हापासून तिथनं अब्बांना आमचं दुकान दिसतं. मी शटर उघडलं की सांगतात, आज हिरवा ड्रेस घातलायस. आज केस धुतलेस. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हाताऱ्याची नजर परत आली. अब्बा खूश आहेत. मी म्हटलं, "अब्बा, तो काय मागायला आलाय, कळतंय ना तुम्हाला?"

"कळतंय," ते म्हणाले. "पर तू दिसतीस ना तवर. दिसू दे."

किल्ली अजून माझ्याकडेच आहे. तिकडे जाऊन खिळा बघायची माझी हिंमत नाही. मावशीचा फोन लागत नाही. दयानंद म्हणतो, त्या लॉटमधली बाकीची कार्डं विकली, कुणाचीच तक्रार नाही. मला झोप नाही. दर दहा मिनिटांनी मी शटरच्या फटीतून तो बाक बघते.

कालपासून बाक कोरडा आहे.

आज सहा नोव्हेंबर. सकाळी साडेअकराला मी आतल्या खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. अब्बा बाहेर खुर्चीत होते. तिथनंच त्यांनी हाक मारली.

"अफी, आज तू लई जवळनं दिसतीस."

"किती जवळनं?"

"पापण्या मोजाव्यात एवढ्या."

मी मान वर केली. खोलीत मी एकटीच होते.