शेवटची पानं नसलेली पुस्तिका

दुपारी नवऱ्याचा ऑफिसातून फोन आला. "कपाटातली निळी पुस्तिका काढ आणि शेवटच्या पानाचा फोटो पाठव. हातमोजे घालून हं!"

माणसं अंतराळात जायला लागली त्या सुरुवातीच्या काळातल्या उड्डाणपुस्तिका हा गोळा करतो. म्हणजे कुठलं बटण कधी दाबायचं याच्या जुनाट याद्या. त्यांना थंड खोली आणि काचेचं कपाट. पोटच्या पोराला, ढब्बूला, तिथे मज्जाव, कारण त्याची लाळ गळते! निळी सगळ्यांत लाडकी, कारण फाटकी.

"ही खालच्या, जमिनीवरच्या माणसाची प्रत," त्यानं एकदा भक्तिभावानं सांगितलं होतं. "हा रेडिओवर वाचायचा, यानातला वरचा तसं करायचा. हिचा वरचा उतरलाच नाही. मग खालच्यानं उतरण्याची पानं फाडून टाकली."

"भांड्यांचीही अशीच एक आण. मी वाचते, तू घास."

तर ढब्बूला बाहेरच्या खोलीत त्याच्या उंच खुर्चीत बसवलं आणि पुस्तिका काढून आणली. हातमोजे गेले खड्ड्यात. केळ्यानं चिकट झालेल्या हातांनी ती धरली आणि निवेदिकेच्या थाटात, मराठी करत, वाचायला लागले.

"पट्टे आवळा."

खट्.

ढब्बूच्या छातीवरचं बक्कल लागलं होतं. मीच लावलं असेल. गॅस बंद केलाय का हे तीनदा बघणारी बाई मी, माझ्या आठवणीवर माझाच विश्वास नाही.

"दार बंद करा."

स्वयंपाकघराचं दार हळूच, अगदी आदबीनं लागलं. वारा नव्हता. जळक्या तारेसारखा वास आला...

पुस्तिका टाकून मी बक्कल दाबलं. सुटेना. पट्टा पोराच्या पोटात रुतत होता, ते किंचाळून रडत होतं. मग त्याचं रडणं थांबलं, नुसतं तोंड उघडं राहिलं. कात्री स्वयंपाकघरात, आणि ते दार उघडेना. पुस्तिका उचलून शेवटापर्यंत चाळली. पट्टे सोडायची ओळ नव्हतीच. ती फाडलेल्या पानांत गेली होती.

मग मी ती स्वतःच रचली.

"उतरलात तुम्ही," मी म्हणाले. "जमिनीवर आहात. पट्टे सोडा... दार उघडा... बाहेर या."

खट्. ढब्बूनं श्वास घेतला आणि भोकाड पसरलं. स्वयंपाकघराचं दार उघडलं. त्यापाठोपाठ आतल्या थंड खोलीतलं काचेचं कपाटही.

'बाहेर या' म्हणायची काही गरज नव्हती. ते आपलं बोलण्याच्या ओघात आलं.

संध्याकाळी नवऱ्यानं आकाशपाताळ एक केलं. "कपाट उघडं? पानाला केळं? अक्कल आहे का तुला?"

"नाही," मी म्हणाले. पहिल्यांदाच मनापासून.

तेव्हापासून ढब्बूला कडेवर यायचं असलं की तो हात वर करतो. माझ्याकडे नाही, त्याच्या बापाकडेही नाही. खिडकीजवळच्या रिकाम्या कोपऱ्याकडे, जरा उंचावर बघून.

अजून त्याला उभंही राहता येत नाही. पण काल, मी दारातून बघत असताना, त्याचे पाय जमिनीवरून सुटले.